नावाच्या दिवशी दाराला कुलूप

नोव्हेंबरात थोरल्या देवदूतांचा सण आला की ग्रीसमधल्या कावाला गावातल्या आमच्या टेकडीवर निम्म्या घरांत एकाच दिवशी नावाचा दिवस असतो. मिहालिस, गावरिल, स्तामातिया, अंगेलिकी, सगळे त्याच सणाचे धनी, कारण ज्याच्यावरून माणसाचं नाव ठेवलेलं असतं त्याचा सण हाच त्या माणसाचा नावाचा दिवस. वाढदिवस इथे कुणी विचारत नाही, तो ज्याचा त्याला लखलाभ. नावाच्या दिवशी मात्र दार सताड उघडं हवं आणि दारावरचा दिवा भर दुपारीसुद्धा लागलेला हवा. बोलावणं कुणालाच जात नाही. ज्याला पाय आहेत त्याने यायचं, मिठाईचा खोका द्यायचा, ‘खूप वर्षं जगा’ म्हणायचं, चमचाभर मुरांबा खायचा, घोटभर दारू घ्यायची आणि पुढच्या घराच्या पायऱ्या चढायच्या. जो येत नाही त्याचं नाव वर्षभर लोकांच्या तोंडी असतं.

आता या खोक्यांचं एक गुपित आहे, आणि ते टेकडीवरच्या मांजरांनासुद्धा ठाऊक आहे. एका घरात इतके खोके जमतात की ते खायचे म्हटले तर माणूस ख्रिसमसपर्यंत टिकायचा नाही. म्हणून आलेला खोका कुणी उघडत नाही. तो तसाच काखेत मारायचा आणि पुढच्या घरी नेऊन द्यायचा. तिथून तो आणखी वर जातो. खोका वरवर चढत जातो, आतली कुराबिये, म्हणजे लोण्याची खुसखुशीत बिस्किटं, मात्र पिठीसाखरेत निवांत लोळत असतात. हे सगळे करतात आणि कुणीही कबूल करत नाही. कबूल केलं तर पुढच्या वर्षी एकमेकांच्या घरी जायचं कसं?

प्रोद्रोमोसला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याची आई तर या कामात इतकी पटाईत होती की एकदा तिचाच खोका संध्याकाळी तिच्याकडे परत आला होता, आणि तिने तो हसत हसत घेतलाही होता. पण बावन्नाव्या वर्षी माणूस प्रेमात पडला की त्याच्या डोक्यात दुसरं काही राहत नाही. त्या दिवशी त्याच्याही डोक्यातून हे साफ निघून गेलं.

प्रोद्रोमोस बंदरावर होड्यांची डागडुजी करतो. खांदे बैलासारखे, हात कुशल, जीभ मात्र ऐन वेळी दगा देणारी. त्याचा जीव जडला होता स्तामातियावर. ती मशिदीजवळच्या बोळात शिवणकाम करते, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, बोलायला फटकळ आणि हसायला मोकळी. तिच्या दारात उभं राहायला निमित्त हवं म्हणून या माणसाने तीन वर्षांत आपले किती शर्ट स्वतःच्या हाताने फाडले याची गणतीच नाही. ती शिवून देई, तो पैसे देई, ‘आज वारा बरा आहे’ म्हणे आणि घरी जाई. सगळी टेकडी बघत होती आणि मनातल्या मनात त्याच्यावर चरफडत होती.

त्या वर्षी मात्र गोष्ट गळ्याशी आली. स्तामातियाची बहीण थेसालोनिकीला असते. ‘एकटी काय करतेस तिथे, इकडे ये, दुकान काढू’ म्हणून ती मागे लागली होती, आणि स्तामातियाने ‘सण झाला की सांगते’ असा निरोप दिला होता. म्हणजे विचारायचं तर सणालाच, नाहीतर कायमचं राहून जाणार. प्रोद्रोमोस रात्रभर आरशासमोर बोलायचा सराव करत बसला. आरशासमोरही त्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी त्याने आपल्या घराची जुनी लोखंडी किल्ली घेतली, तेल लावून लख्ख पुसली, कागदात गुंडाळली आणि कुराबियांच्या खोक्यात साखरेच्या तळाशी दडवली. वरून जाळी विणायच्या सुतळीने खोका बांधला. घाईत अंगठ्याला लागलेला होडीचा ओला निळा रंग खोक्याच्या कोपऱ्याला लागला, तो त्याने पुसायचा प्रयत्न केला आणि आणखी फासला. स्वतःसाठी त्याला दुसरी किल्ली लागत नव्हती. दिवसा त्याचं दार नुसतं ओढलेलंच असतं.

चर्च सुटल्यावर तो स्तामातियाकडे गेला तेव्हा खोली माणसांनी फुलली होती. ती ट्रे घेऊन फिरत होती.

“ये रे बाबा,” ती म्हणाली. “आज शर्ट धड दिसतोय. बरं वाटत नाही का?”

सगळे हसले. प्रोद्रोमोसने खोका पुढे केला. “खूप वर्षं जग. हे... हे खा.”

“खाईन की.”

“म्हणजे तू खा. आजच. तळापर्यंत.”

“तळापर्यंत?” शेजारची ओलिंपिया मध्येच म्हणाली. ही गावरिलची बायको, आणि टेकडीवर जे घडतं ते घडायच्या आधी हिला कळतं. “अरे, तिला नवे कपडे शिवावे लागतील.”

स्तामातियाने खोका हातात घेतला, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि खोका बाकीच्या खोक्यांवर ठेवला. प्रोद्रोमोसने चमचाभर मुरांबा न चावताच गिळला आणि तिथून काढता पाय घेतला.

पायऱ्यांच्या वळणावर कॉफीचं दुकान आहे. तिथे तो बसून राहिला. पाहुणे गेले की ती खोका उघडेल, किल्ली सापडेल, मग ती काय ते कळवेल, असा त्याचा हिशेब. दुपार झाली. समोरून थासोस बेटाची फेरीबोट आली आणि गेलीही. कॉफीचा तिसरा कप संपत आला होता, तेवढ्यात वरच्या पायऱ्यांवरून ओलिंपिया जाताना दिसली. तिच्या काखेत पांढरा खोका होता, आणि खोक्याच्या कोपऱ्यावर निळा अंगठा.

प्रोद्रोमोसचे डोळे पांढरे झाले. आईचा चेहरा, तो परत आलेला खोका, सगळं एकदम आठवलं आणि आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. तो कप तसाच टाकून उठला.

आता आमच्या टेकडीवर कुणाचा पाठलाग करायचा म्हणजे सोपं काम नाही. रस्ता म्हणून जे दिसतं ते कुणाच्या तरी अंगणात जाऊन संपतं, आणि भिंत म्हणून जी दिसते तिच्यामागे वर जायचा जिना असतो. अंगणातून जायचं तर नमस्कार करायलाच हवा, आणि त्या दिवशी प्रत्येक दुसऱ्या अंगणात नावाचा दिवस. एका ठिकाणी त्याला संत्र्याच्या सालीचा मुरांबा खावा लागला, आणि तोही दोन वेळा, कारण वाट चुकून तो त्याच अंगणात परत आला तेव्हा म्हातारीने त्याला ओळखलं नाही. वाळत घातलेल्या चादरींखालून वाकत, मांजरं ओलांडत, धापा टाकत तो वरच्या बोळात पोचला तर समोरून ओलिंपिया परत येत होती. हात रिकामे.

“तू इकडे कुठे?” तिने विचारलं.

“असाच. फिरतोय. तू?”

“मीही अशीच.” दोघांनी एकमेकांच्या हातांकडे बघायचं टाळलं. खोका कुठे दिलास हे त्याने विचारणं म्हणजे तिला तोंडावर चोर म्हणण्यासारखं होतं. पण ओलिंपियाकडे दुसरीच बातमी होती, आणि ती तिच्या पोटात राहणं शक्य नव्हतं. “ऐकलंस का? स्तामातियाने घर बंद केलं. स्वतःच्या नावाच्या दिवशी! दिवा विझवला, दाराला कुलूप लावलं. आमच्याकडे आली, गावरिलला शुभेच्छा दिल्या, आणि हातात ही एवढी मोठी पिशवी घेऊन तरातरा निघून गेली. विचारलं तर म्हणते, उशीर होतोय.”

“कुठे गेली?”

“आता चारची बस कुठे जाते ते मी सांगायला हवं का तुला?” ओलिंपियाने मान हलवली. “तीन वर्षं वाऱ्याचं काय ते बोलत बसलास. घे आता वारा.”

हे शब्द त्याला फार लागले. चारची बस थेसालोनिकीला जाते. आणि चार केव्हाच वाजून गेले होते. तिने खोका उघडलासुद्धा नाही. आपण विचारलं हेही तिला कळलं नाही, आणि ती निघून गेली. दुसरीकडे आपल्या घराची किल्ली साखरेत बुडून टेकडीभर हिंडते आहे. ती जिथे सापडेल तिथे आज रात्रीच सगळ्यांना कळेल की प्रोद्रोमोसने कुराबियांतून मागणी घातली होती. निदान तेवढं तरी वाचवावं म्हणून तो पुढे निघाला.

ओलिंपिया ज्या बोळातून आली तिथे एकच दिवा लागलेला होता, म्हाताऱ्या मिहालिसचा. मिहालिस उभी हयात जहाजांवर होता आणि आता उभी टेकडी त्याची वादळं ऐकते. खोली तशी रिकामीच होती. कपाटावर खोक्यांची चळत, आणि सगळ्यात वर निळा अंगठा.

“बस, बस!” मिहालिस म्हणाला. “ख्रिसान्थी, प्रोद्रोमोस आलाय, मुरांबा आण. हं, तर मी काय सांगत होतो, ब्राझीलच्या किनाऱ्यावर लाट उठली, या घराएवढी.”

“गेल्या वर्षी दाराएवढी होती, काका.”

“गेल्या वर्षी तू नीट ऐकलं नव्हतंस.”

प्रोद्रोमोसचं लक्ष कपाटावरून हलत नव्हतं. लाट फुटली, शिडाचा खांब मोडला, स्वयंपाकी वाहून गेला. शेवटी त्याने धीर केला. “काका, एखादं कुराबिये खावंसं वाटतंय.”

“मग घे की!” मिहालिसने टेबलावरची बशी पुढे सरकवली.

“हे नाही. ते, वरच्या खोक्यातलं.”

मिहालिसची बायको ख्रिसान्थी मुरांबा घेऊन दारातच थबकली. आमच्याकडे असं कुणी कधी बोललेलं नाही.

“का रे? माझ्या हातच्या कुराबियांत काय वाईट आहे?” तिने विचारलं.

“काही नाही, काकू. उत्तम आहेत.”

“मग खा.”

त्याने खाल्लं. एक संपलं तशी तिने दुसरं वाढलं, दुसऱ्यानंतर तिसरं. तोंडात साखरेचा भुगा, वरून मिहालिसने ओतलेली बडीशेपेची दारू, आणि डोळ्यांदेखत ख्रिसान्थीने कपाटावरचा सगळ्यात वरचा खोका उचलून शालीखाली घेतला. “मी आलेच हं, अंगेलिकीबाईंना भेटून,” असं म्हणत ती मागच्या दाराने गेली. प्रोद्रोमोस उठायला गेला तर मिहालिसने त्याला खांदा धरून बसवलं, कारण स्वयंपाकी अजून पाण्यातच होता.

स्वयंपाक्याला बाहेर काढेपर्यंत उन्हं उतरली. प्रोद्रोमोस सुटला आणि पुन्हा पायऱ्या चढू लागला. वर, अगदी किल्ल्याच्या भिंतीखाली, अंगेलिकीबाईंचं घर. या निवृत्त शिक्षिका, अर्ध्या टेकडीला यांनीच पाढे शिकवले. वाटेत तो दोनदा थांबला. खाली छपरांची लाल कौलं एकमेकांवर रेललेली, त्यांच्यापुढे बंदर, आणि बंदरापासून निघणारा थेसालोनिकीचा रस्ता. त्या रस्त्याकडे बघताना त्याला रडू येईल असं वाटलं. तीन वर्षांत रोज एक शब्द जरी बोललो असतो तरी आतापर्यंत सगळं बोलून झालं असतं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने स्वतःला मोठ्याने एक शिवी घातली.

ख्रिसान्थी वाटेतच भेटली, परत येत होती. ‘अजून भूक आहे का रे तुला?’ म्हणाली आणि तोंड फिरवून हसत खाली गेली.

अंगेलिकीबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांच्या घरापुढे टेकडी संपते, म्हणून वर चढणारे सगळे खोके शेवटी त्यांच्याच घरी येऊन थांबतात. त्या मात्र ते उघडतात, दूध ओतून मऊ करतात आणि हिवाळाभर खातात. निळ्या अंगठ्याचा खोका त्यांच्या मांडीवर उघडा होता.

“ये. खूप वर्षं जग वगैरे म्हणून झालं असं समज,” त्या म्हणाल्या. “हे चाखून बघ आणि मला सांग, यांना मशीनचं तेल का लागलंय?”

प्रोद्रोमोसने चाखलं नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने दोन्ही हात साखरेत घातले. तळापर्यंत चाचपलं. कुराबिये सगळी जागच्या जागी होती. किल्ली नव्हती.

“हात तरी धुवायचे होतेस,” बाई म्हणाल्या. “काय हरवलंय?”

आणि या माणसाची जीभ, जी आरशासमोर उघडली नव्हती, ती जुन्या बाईंसमोर उघडली. त्याने सगळं सांगितलं, शर्ट फाडण्यापासून चारच्या बसपर्यंत. बाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी त्यांनी बाजूला पडलेली फीत उचलून त्याच्या नाकासमोर धरली. पिवळी, रेशमी, दोन्ही टोकं तिरपी कापलेली.

“तू कशाने बांधला होतास खोका?”

“जाळ्याच्या सुतळीने.”

“मग ही फीत कुठून आली? पोशाखाच्या किनारीला शिवतात ही. आता टेकडीवर किनारी कोण शिवतं हेही मीच सांगू का, की बोर्डावर लिहून दाखवू?”

त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडू लागला, पण तो बाहेर येण्याआधीच त्याने नेहमीप्रमाणे त्यावर पाणी ओतलं. “म्हणजे तिने उघडला. किल्ली बघितली. आणि तरी बसने गेली.”

बाईंनी कपाळाला हात लावला. “तू पाचवीतही असाच होतास. जरा इकडे ये. दीपगृहाजवळचं ते घर तुझंच ना?”

तो खिडकीशी गेला. अंधारून येत होतं. खाली, टेकडीच्या टोकाला, समुद्रावर झुकलेलं त्याचं घर. दार सताड उघडं होतं. दारावरचा दिवा लागलेला होता.

“आज तुझ्या घरी कुणाचा नावाचा दिवस आहे रे?” बाईंनी विचारलं.

तो उत्तर द्यायला थांबला नाही. बावन्न वर्षांचा, पोटात अर्ध्या टेकडीचा मुरांबा घेतलेला माणूस पायऱ्या उतरत पळताना आम्ही सगळ्यांनी पाहिला. मिहालिसच्या अंगणातून गेला, नमस्कार केला नाही. संत्र्याच्या मुरांब्याच्या म्हातारीच्या अंगणातून गेला, तिलाही नाही. आणि एव्हाना टेकडीवरच्या बाकीच्या खिडक्यांनाही तो दिवा दिसला होता. ओलिंपिया आपल्या दारात उभी होती, तोंड उघडं, बोलणं बंद. असं तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

स्तामातिया त्याच्या घराच्या दारात उभी होती. अंगावर चर्चला घातलेला निळा पोशाख. आत टेबलावर तिच्या घरचे काचेचे पेले, तिच्या घरच्या मुरांब्याच्या बरण्या, तिचा ट्रे. एवढी मोठी पिशवी कशाने भरली होती ते आता कळलं.

“दुपारपासून उभी आहे,” ती म्हणाली. “बाईला घराची किल्ली द्यायची आणि स्वतः घरी राहायचं नाही, ही कुठली पद्धत?”

“मला वाटलं, तू उघडलाच नाहीस.”

“रोज कापड तोलून घेणारी बाई मी. कुराबियांना इतकं वजन असतं का? तू पायऱ्या उतरलाही नसशील, तेव्हा मी खोका उघडला. किल्ली काढली, पाहुण्यांना हाकललं, गावरिलकडे रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून तोच खोका बांधून दिला आणि इकडे आले. हाताला अजून तेलाचा वास येतोय.”

“आणि थेसालोनिकी?”

“बहिणीला फोन केला. म्हटलं, माझा नावाचा दिवस यंदा दीपगृहाजवळ आहे.” ती इतका वेळ थट्टेने बोलत होती, पण इथे तिचा आवाज जरा हलला. “स्वतःचं दार बंद केलं आज मी, प्रोद्रोमोस. टेकडी आयुष्यभर बोलेल. तू आता तरी वाऱ्याबद्दल बोलू नकोस.”

त्याने वाऱ्याबद्दल बोलण्यासाठी उघडलेलं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला गेला तर हाताची पिठीसाखर तोंडभर लागली.

“राहशील ना इथे?” त्याने विचारलं. तीन वर्षं लागली होती या तीन शब्दांना.

“मी तर राहणारच. किल्ली माझ्याकडे आहे,” स्तामातिया म्हणाली. “तू राहणार असशील तर आत ये आणि पेले भर. सगळी टेकडी खाली येतेय.”

खरंच येत होती. पायऱ्यांवरून कंदील आणि बॅटऱ्या उतरत होत्या, सगळ्यात पुढे ओलिंपिया, काखेत खोका. मागे मिहालिस काठी टेकत, लाटेबद्दल काहीतरी सांगत. अंगेलिकीबाईंना दोघांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. प्रोद्रोमोस घाईघाईने आत गेला, बाटली उघडली आणि पेले भरू लागला, आणि स्तामातियाने दारात उभं राहून पहिल्या पाहुण्याला आत घेतलं.